विकतचा गोठा

दिवाळी अंकात नाताळाचा विषय काढला म्हणून वाचकांनी नाक मुरडू नये. दिवाळीचा पहिला दिवस वसुबारसेचा. त्या संध्याकाळी घरची बाई गोठ्यात जाते, सवत्स गाईच्या पायांवर पाणी घालते, आणि मग सणाला तोंड लागते. नाताळाचा आरंभही गोठ्यातच झाला. हे दोन सण एकमेकांचे भाऊबंद नसले तरी त्यांची ओळख एकाच गोठ्यातली आहे, आणि माझे आजचे भांडण त्या गोठ्यावरूनच आहे. सणासुदीला भांडण काढू नये हा संकेत मला ठाऊक आहे. परंतु नाताळाची खरेदी हल्ली दिवाळीच्या पाठोपाठच सुरू होते, आणि सामान घरात येऊन पडल्यावर कोणी शहाणपण ऐकत नाही. म्हणून आधीच बोलून घेतो.

गेल्या काही वर्षांत आमच्या मराठी ख्रिस्ती घरांतून, आणि ख्रिस्ती नसलेल्या कित्येक हौशी घरांतूनही, नाताळाच्या आराशीची एक नवी तऱ्हा शिरली आहे. बाजारात तिचे नाव ‘रस्टिक वेस्टर्न’. मराठीत सांगायचे तर अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या गुराख्याचा गावरान थाट. दिवाणखान्याच्या भिंतीवर लाकडी फळ्यांचा भास देणारा कागद डकवायचा. त्यावर गाडीचे चाक टांगायचे. दाराला हिरव्या डहाळ्यांच्या वेढ्याऐवजी काटेरी तारेचे वेटोळे लावायचे आणि त्यात घोड्याची नाल अडकवायची. नाताळच्या झाडाखाली गोणपाट अंथरायचे, झाडावर चौकड्याच्या कापडाच्या चिंध्या बांधायच्या, मोज्यांच्या जागी गुराख्याचे उंच बूट ठेवायचे, आणि कोपऱ्यात जुनाट दिसेल असा नवा कंदील ठेवायचा. कंदिलात अर्थात विजेचा दिवा. सगळे कसे जुने, खरबरीत आणि गरीब दिसले पाहिजे. मात्र इतके गरीब दिसण्याचा खर्च ज्याच्या खिशाला झेपतो त्यानेच या फंदात पडावे!

मी सोलापूरचा. पोटाचा धंदा मास्तरकीचा, नाद कादंबऱ्या लिहिण्याचा, आणि जन्म मराठी ख्रिस्ती घरातला. हौसेचा मी वैरी नाही. आमच्या घरी नाताळाला करंज्या, चकल्या, अनारसे होतात, आणि शेजाऱ्यांकडून दिवाळीत आलेले ताट नाताळात भरून परत जाते. तेव्हा हा कोणा कोरड्या माणसाचा त्रागा आहे असे कोणी समजू नये. माझे म्हणणे एवढेच, आणि ते मी आडपडदा न ठेवता सांगतो: परक्याचे दारिद्र्य आपण भिंतीवर टांगतो आणि आपले दारिद्र्य माळ्यावर लपवतो. या आराशीच्या मुळाशी हौस कमी आणि लाज जास्त आहे.

गेल्या नाताळात नात्यातल्या एका घरी आरास पाहायला गेलो होतो. घर माझ्या भाचीचे. नवा फ्लॅट, नवी आरास, आणि ती दाखवण्याचा तिचा उत्साह पाहून कोणालाही बरे वाटावे असाच होता.

‘मामा, कसं वाटतंय? अगदी टेक्सास ना?’

मी भिंतीवरच्या चाकाजवळ गेलो. तुंबा बाभळीचा होता. आरे वापराने गुळगुळीत झाले होते. लोखंडी धावेवर लोहाराच्या घणाचे ठोके अजून दिसत होते.

‘हे चाक कुठून आणलंस गं?’

‘भंगारवाल्याकडून. बार्शीकडच्या कुठल्या तरी शेतकऱ्यानं गाडी मोडीत काढली होती म्हणे. आम्ही घासून पॉलिश करून घेतलं. आता इथलं वाटतं तरी का?’

मला वाटत होते. पण ते तसे वाटू नये यातच तिचे सारे समाधान साठले होते, म्हणून मी विषय बदलला.

‘तुझ्या आजेसासूबाईंचं घोंगडं होतं ना, काळं, लाल काठाचं? ते या झाडाखाली अंथरलं असतंस तर?’

‘ते? अहो मामा, त्याला वास येतो. आणि इतकं खेडवळ दिसतं! माळ्यावर टाकलंय कधीच.’

ज्या दिवाणखान्यात सारा पैसा खेडवळ दिसण्यासाठी ओतला होता, त्याच दिवाणखान्यातून घोंगडे खेडवळ दिसते म्हणून हद्दपार झाले होते! भाची गुणाची आहे, आल्यागेल्याचे प्रेमाने करते. तिच्या एकटीवर बोट ठेवण्यात अर्थ नाही. ती जे बोलली ते आपण सगळे मनातल्या मनात बोलत असतो. ती मोकळी, म्हणून मोठ्याने बोलली.

त्या चाकाचा विचार मात्र मनातून जाईना. बैलगाडीचे चाक म्हणजे सुतार आणि लोहार या दोघांच्या संसाराची गाठ. सुताराने तुंब्यात आरे ठोकायचे, लोहाराने शेणकुटांच्या जाळात धाव लाल करून चाकावर चढवायची, आणि लगेच पाणी ओतायचे, की लोखंड आवळून लाकडाला मिठी मारते. अशा चाकांवरून या जिल्ह्याचा ऊस कारखान्याला गेला, ज्वारी बाजाराला गेली, नवऱ्यामुली सासरी गेल्या. ते चाक मोडीत निघाले, यात शोक करण्यासारखे काही नाही. ट्रॅक्टर आला, टेम्पो आला, बैलांचे आणि माणसांचे कष्ट वाचले. पण मोडीत निघालेल्या त्या चाकाला मानाने मिरवायचे तर आधी त्याचे नाव-गाव पुसून त्याला टेक्सासचा दाखला द्यावा लागतो, हे मला सोसत नाही.

बरे, ज्या गुराख्याच्या घराची आपण एवढी नक्कल करतो, तो होता तरी कोण? सिनेमात दिसतो तो गोरापान, ऐटबाज वीर बाजूला ठेवा. खरा गुराखी हा मजूर होता. १८६५ साली अमेरिकेतले यादवी युद्ध संपल्यावर टेक्सासची गुरे शेकडो मैल हाकीत उत्तरेच्या रेल्वे स्टेशनापर्यंत नेण्याचे काम त्याच्याकडे आले. धूळ, उन, नद्यांचे पूर आणि महिनोन् महिने घोड्याची पाठ. त्याची विद्या मेक्सिकोतल्या स्पॅनिश बोलणाऱ्या गुराख्यांची. त्याच्या दोरफासाचे नावसुद्धा स्पॅनिश. या गुराख्यांत सुमारे चौथा हिस्सा काळ्या लोकांचा होता, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यांतले कित्येक जन्माने गुलाम होते. हा सारा व्यवहार पंचवीसेक वर्षांत आटोपला. १८७४ साली जोसेफ ग्लिडन याने काटेरी तारेचे पेटंट घेतले, मोकळ्या कुरणांना कुंपणे पडली, १८८६-८७ च्या भयंकर हिवाळ्यात गुरे थंडीने आणि उपासमारीने मेली, आणि गुराख्याचे काम सुटले. ज्या तारेने गुराख्याची भाकर काढून घेतली, तिचेच वेटोळे आपण त्याच्या नावाने दाराला लावतो. उद्या कोणी परदेशी माणसाने हौसेने ‘मराठी गावरान’ आरास केली आणि दारावर सावकाराची वही टांगली, तर आपल्याला जसे वाटेल तसेच हे आहे.

आणखी एक गंमत सांगतो. या आराशीतले कापड पाहा. जाड्याभरड्या कापडाच्या विजारीला इंग्रजीत ‘डंगरी’ म्हणतात; तो शब्द आला आमच्या मुंबईच्या डोंगरीवरून, कारण तिथे ते जाडे कापड विकत असत. गुराखी गळ्यात बांधतो त्या ठिपक्यांच्या रुमालाला ‘बंडाना’ म्हणतात. तो शब्द आला आपल्या बांधणीवरून. गोणपाट ज्या तागाचे होते तो ताग बंगालचा. निळीचे तर इंग्रजी नावच हिंदुस्थानावरून पडले. म्हणजे आपल्याच कष्टकऱ्यांच्या कापडाचा हा साज सातासमुद्रापार जाऊन, तिथल्या मजुराच्या अंगावर चढून, सिनेमातून झळकून, शेवटी चौपट दराने आपल्याच दिवाणखान्यात परत येतो, आणि आपण त्याला पाहुणा म्हणून पाट मांडतो! तोच डोंगरीचा माणूस थेट आला असता तर आपण त्याला जिन्यातच उभे केले असते.

इथवर हसण्यासारखे आहे. यापुढचे हसण्यासारखे नाही.

अमेरिकेच्या पश्चिमेकडची ती कुरणे रिकामी नव्हती. तिथे माणसे राहत होती, आणि कोट्यवधी रानगवे चरत होते. १८८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ते गवे शेकड्यांवर आले, आणि माणसांना त्यांच्याच भूमीत सरकारी हद्दी आखून कोंडण्यात आले. १८९० सालच्या नाताळानंतर चारच दिवसांनी, २९ डिसेंबर रोजी, दक्षिण डकोटात वुंडेड नी नावाच्या ओढ्याकाठी अमेरिकन सैन्याने लकोटा जमातीच्या तळावर गोळ्या झाडल्या. कमीत कमी दीडशे माणसे मेली. काही हिशेबांनी हा आकडा तीनशेपर्यंत जातो. त्यांत बायका आणि मुले फार होती. जखमी माणसांना जवळच्या पाइन रिज येथे आणले, तेव्हा ठेवायला जागा नव्हती. म्हणून तिथल्या चर्चमधली बाके बाहेर काढली, जमिनीवर गवत पसरले आणि त्यावर त्यांना निजवले. चर्चमध्ये नाताळाच्या हिरव्या माळा अजून तशाच टांगलेल्या होत्या. स्वतः डकोटा जमातीचा असलेला डॉक्टर चार्ल्स ईस्टमन त्या माळांखाली, त्या गवतावर आपल्याच लोकांच्या जखमा बांधत होता.

पश्चिमेकडचा खरा नाताळ पाहायचा तर तो हा आहे. जागा नाही म्हणून गवतावर निजवलेली माणसे! ख्रिस्ती माणसाला या चित्राची ओळख सांगावी लागू नये. पण कोणत्या दुकानात याची आरास मिळते?

आता मूळ गोठ्याकडे येऊ. लूकचे शुभवर्तमान काढून पाहा. त्यात गाय नाही, बैल नाही, गाढव नाही; गोठा हा शब्दसुद्धा नाही. आहे ती फक्त एक गव्हाण, आणि उतारशाळेत जागा नव्हती हे तिचे कारण. बाकीचा गोठा भक्तांनी आपापल्या प्रेमाने उभारला. १२२३ साली इटलीत ग्रेच्चो नावाच्या खेड्यात असिसीच्या फ्रान्सिसने खरी गव्हाण मांडली, तीत वाळलेले गवत घातले, खरा बैल आणि खरे गाढव आणून उभे केले. त्याने ते परदेशातून मागवले नव्हते. त्या खेड्यात जे गवत होते तेच गव्हाणीत पडले, आणि शेजाऱ्यांच्या दावणीचीच जनावरे तिथे आली. परमेश्वर आपल्या गावातल्या गोठ्यात जन्मू शकतो, एवढेच त्याला लोकांना दाखवायचे होते.

आणि त्या रात्री पहिली बातमी कोणाला कळली? राजाला नाही, शास्त्र्यांना नाही. रानात मेंढरे राखणाऱ्या मेंढपाळांना, म्हणजे आमच्या भाषेत धनगरांना. माझ्या भाचीने माळ्यावर टाकलेले घोंगडे नेमके त्या लोकांचे पांघरूण. दख्खनी मेंढीची लोकर, सनगराचे विणकाम, चिंचोक्यांची खळ. पावसात ते छत्री होते, थंडीत रजई होते, लग्नात बसकर होते आणि म्हातारपणी सोबत होते. नाताळाच्या गोठ्यात शिरण्याचा पहिला हक्क त्या घोंगड्याचा आहे. उलट अमेरिकेतल्या गुरांवाल्यांचे आणि मेंढपाळांचे हाडवैर होते. १९०९ साली वायोमिंग प्रांतात स्प्रिंग क्रीक येथे गुरांवाल्यांनी रात्री हल्ला करून तीन मेंढपाळ ठार मारले. म्हणजे आपण गव्हाणीपाशी आणून उभा केला तो मेंढपाळांच्या वैऱ्याचा थाट, आणि खुद्द मेंढपाळाचे पांघरूण टाकले माळ्यावर. अज्ञानाला शिक्षा नसते, पण निदान त्याची रोषणाई तरी करू नये!

आमच्या पूर्वजांना ही अक्कल होती. फादर स्टीफन्स हा जन्माने इंग्रज. गोव्यात येऊन तो मराठी शिकला आणि १६१६ साली राचोल येथे त्याचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. ख्रिस्ताची कथा त्याने ओवीत सांगितली, कारण ऐकणाऱ्यांच्या कानाला ओवीची सवय होती. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा. १९१९ पर्यंतचे उरलेले आयुष्य त्यांनी एका गोष्टीसाठी वेचले, की मराठी माणसाला ख्रिस्त मराठीत भेटावा. त्यांनी अभंग लिहिले, कीर्तने केली, ‘ख्रिस्तायन’ रचायला घेतले. ते अपुरे राहिले तेव्हा लक्ष्मीबाईंनी पुरे केले. आमच्या देवळांत आज टाळ आणि पेटी वाजते ती या माणसांमुळे. गोव्यातली कुटुंबे अजून बांबूच्या कांबी बांधून, कागद चिकटवून नाताळाचे नखेत्र करतात, आणि घरच्या गोठ्यासाठी काही दिवस आधी नाचणी पेरून हिरवळ उगवून घेतात. नवरात्रात घट बसवणाऱ्या बायकांना या गोष्टीचे नवल वाटणार नाही. गावरान आरास म्हणतात ती ही. हाताशी जे आहे त्याने देवाची जागा सजवायची. मग ते गावरान दिसावे म्हणून वेगळा खर्च करावा लागत नाही.

कोणी म्हणेल, ‘मास्तर, एवढे कशाला तापता? चार दिवसांची हौस आहे. कोणाचे काय बिघडते?’

बिघडते कोणाचे, ते सांगतो. आमच्या शाळेत सातवीच्या मुलांना ‘माझे घर’ हा निबंध असतो. मोहोळकडच्या एका खेड्यातून येणाऱ्या एका मुलाने लिहिले होते, ‘माझ्या घरासमोर सुंदर बाग आहे. बागेत कारंजे आहे. सायंकाळी आम्ही हिरवळीवर बसतो.’ त्या मुलाचे घर मी पाहिलेले आहे. पत्र्याचे छप्पर, पुढे पडवी, पडवीत दोन म्हशी आणि एक खिल्लारी गोऱ्हा. गव्हाणीत मालदांडी ज्वारीचा कडबा. मुलगा पहाटे उठून शेण काढतो, वैरण टाकतो, धारेला आईला मदत करतो आणि मग एस.टी. पकडून शाळेत येतो. गोऱ्ह्याबद्दल तोंडी विचारले तर तासभर बोलेल: त्याची शिंगे कशी वळतील, तो कोणाच्या हातची वैरण खात नाही, पहिल्यांदा वेसण घातली त्या दिवशी आई का जेवली नाही. यातली एक ओळ निबंधात नव्हती. ते घर त्याला कागदावर आणण्याजोगे वाटले नाही. कारंजे मात्र वाटले, आणि ते त्याने जन्मात पाहिलेले नाही.

त्याच डिसेंबरात शहरातल्या एका मोठ्या दुकानाने दारात नाताळाचा गोठा उभा केला होता. थर्मोकोलच्या फळ्या, प्लॅस्टिकची गाय, पिवळ्या कागदाचे गवत, आणि बाजूला गुराख्याची टोपी. ती टोपी घालून गाईशेजारी फोटो काढून घ्यायला मुलांची रांग लागली होती. आया मुलांचे भांग नीट करीत होत्या. माझा तो विद्यार्थी त्या रांगेत उभा असता, तर त्याला काय वाटले असते? खोटा गोठा शहाण्यासुरत्या माणसांनी पैसे खर्चून पाहावा, आणि आपला खरा गोठा निबंधात लिहायलाही नसावा, याचा अर्थ बारा वर्षांच्या मुलाने कसा लावायचा? तो एकच अर्थ लावतो: आपल्यात काही तरी खोट आहे. बिघडते ते हे, आणि ते एकदा बिघडले की आम्हा मास्तरांच्या लाल शाईने दुरुस्त होत नाही.

दुसरा आक्षेप मला ठाऊक आहे. नाताळचे झाड तरी कुठे आपले? ते जर्मनीचे. १८४८ साली राणी व्हिक्टोरियाच्या घरचे झाड लंडनच्या एका सचित्र पत्रात छापून आले, आणि मग ते जगभर पसरले. मिरची परदेशची, बटाटा परदेशचा. खरे आहे. बाहेरून आलेल्या वस्तूशी माझे वैर नाही. मिरची आली आणि आमच्या शेंगाचटणीत विरघळली. झाड आले, आणि आमच्याकडे सुरूची नाही तर बोरीची फांदीसुद्धा झाड म्हणून उभी राहिली. वापरून, राबवून, आपल्या हाताचा घाम लावून माणूस परकी वस्तू आपलीशी करतो. पण आपली वस्तू लपवण्यासाठी जी आणली जाते, ती घरात कितीही वर्षे राहिली तरी पाहुणीच राहते. ते वेटोळे आणि ते बूट तसे आहेत.

तिसरा आक्षेप जरा टोचणारा आहे. ‘म्हणजे तुम्ही गरिबीचे गोडवे गाता!’ मुळीच नाही. सोलापूर हा कोरडा जिल्हा. उजनीचे पाणी पोचले तिथे ऊस आहे, नाही पोचले तिथे आकाशाकडे डोळे आहेत. त्या मुलाच्या घरी पक्की भिंत यावी, म्हशींना वेगळे छप्पर व्हावे, आईच्या डोळ्यांतला चुलीचा धूर जावा, हे मलाही हवे आहे. गरिबी जावी, पण गरिबीत ज्यांनी हाताने सुंदर वस्तू केल्या त्यांची किंमत तिच्याबरोबर जाऊ नये. आज नेमके उलटे चालले आहे. गरिबी जागच्या जागी आहे, आणि वस्तू तेवढ्या जात आहेत.

हे मी सोलापुरात बसून म्हणतो याला अर्थ आहे. हे शहर कापडावर वाढले. १८७७ साली जुनी गिरणी सुरू झाली. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी हातमाग आणि पुढे यंत्रमाग चालवून या गावाचे नाव घरोघरच्या अंथरुणात नेले. जुनी गिरणी आज इतिहासजमा आहे. सोलापुरी चादरीला आणि टॉवेलला २००५-०६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण बाहेर कुठे तरी विणलेल्या चादरीवर ‘सोलापुरी’ असे लेबल डकवून विकणारे काही थांबले नाहीत, आणि घेणारे आपणच आहोत. आमच्याकडचे विणकर भिंतीवर टांगायची चित्रे हातमागावर विणतात. माणसाचा चेहरा, झाड, पाखरू, सगळे उभ्या-आडव्या धाग्यांत. आणि त्याच गावातल्या भिंतीवर लाकडाचा भास देणारा कागद! विणकराच्या मुलाने मग वडिलांचा माग भंगारात घातला, तर आपण व्याख्याने देतो की कला लोप पावत आहे.

ख्रिस्ती नसलेल्या वाचकांनी हे वाचून स्वस्थ हसू नये. हे दुखणे एका धर्माचे नाही. दिवाळीत मुले मातीचा किल्ला करीत असत. हात चिखलात बरबटलेले, आळीव पेरून उगवलेले रान, आणि बुरूज ढासळला म्हणून रडारड. आता प्लास्टरचा तयार किल्ला मिळतो, आणि तो ढासळत नाही. पाडव्याला शेणाचे पांडव करणाऱ्या आज्या अजून आमच्या भागात आहेत, पण नाती त्यांना म्हणतात, ‘आजी, ई!’ आणि त्याच नाती हमरस्त्यावरच्या हॉटेलात दारातल्या रंगवलेल्या बैलगाडीवर बसून फोटो काढतात, कारण तिथे खेडे म्हणजे ‘थीम’ असते. खेडे थीम झाले की स्वच्छ होते, आणि आजीच्या हातात राहिले की घाण होते, असा हा आपला न्याय.

नुसती टीका करून उठणे मास्तराला शोभत नाही, म्हणून गृहपाठ देतो. वसुबारसेला मुलांना खरा गोठा दाखवा. शहरापासून तासाभराच्या वाटेवर तो अजून आहे. गोठेवाल्याला रिकाम्या हाताने भेटू नका आणि फोटो काढण्याआधी त्याच्या गाईचे नाव विचारा. नाताळाला ज्यांच्या घरी गोठा मांडायचा असेल त्यांनी कडब्याच्या दोन पेंढ्या आणाव्यात, घटासारखी ज्वारी किंवा नाचणी पेरावी, मातीची चित्रे मुलांना करू द्यावीत. येशूचे नाक वाकडे झाले तरी चालेल. आभाळातल्या बापाने याहून वाकडी माणसे केली आहेत आणि निभावून नेली आहेत. झाडाखाली घोंगडे अंथरा. ते माळ्यावर असेल तर खाली काढून उन दाखवा, वास जातो. नसेल तर विकत घ्या. पण विणणाऱ्याला त्याचा दाम द्या आणि घासाघीस दुसऱ्या दुकानासाठी राखून ठेवा. जेवायला कडक भाकरी आणि शेंगाचटणी ठेवा. आणि चाक टांगायचेच असेल तर खुशाल टांगा. फक्त कोणी विचारले तर सांगा, ‘हे बार्शीकडच्या एका शेतकऱ्याच्या गाडीचे आहे.’

आम्हा मास्तरांचे काम राहिले. यंदा मी सातवीला ‘माझे घर’ देणार नाही. ‘आमचा गोठा’ हा निबंध देणार आहे, आणि ज्यांच्याकडे गोठा नाही त्या शहरी मुलांनी गोठा असलेल्या मुलाच्या शेजारी बसून त्याला विचारून लिहावा असे सांगणार आहे. तासभर वर्गात गोंगाट होईल, मुख्याध्यापक दारातून डोकावतील. होऊ दे. त्या एका तासात गोऱ्ह्याचा धनी वर्गाचा मास्तर असेल, आणि बाकीचे त्याच्या तोंडाकडे बघत लिहून घेतील.